साहेबांच्या पतंगासाठी केलेलं कॅरिअर

रस्त्यानं जाताना एखाद्या गाडीच्या टपावर काही लांब सामान बांधलेलं दिसलं, की माझी नजर आधी दोरावर जाते. शिडी असो, पाइप असो, मांडवाचे बांबू असोत. दोर किती आवळला आहे, पीळ कुठे दिला आहे, पुढचं टोक हवेत हलतं आहे का, एवढं पाहून होईपर्यंत गाडी निघून गेलेली असते. मी केशोरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. सोबतचे शिक्षक हसतात. म्हणतात, सर बोलता बोलता मध्येच गाडी पाहून थांबतात. का थांबतो, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. इथे सांगतो आहे.

आमचं गाव दरेकसा स्टेशनपासून जवळ. थोडी धानाची शेती आणि वडिलांची जुनी जीप, यांवर घर चालायचं. आत बाजाराची माणसं, टपावर बांबू. टपावर बांबू बांधण्यात वडिलांचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नव्हता. ते दोर दोनदा फिरवायचे, त्यात एक दांडकं घालायचे आणि दांडक्याला पीळ देत जायचे. बांबू करकरायला लागले, की दांडकं दोराखाली अडकवून टाकायचे. "दोराखाली बोट गेला, तं भारा घाटात गेला समज," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. लग्नाच्या मांडवासाठी बांबू आणायचे असले, की लोक दुसऱ्याच्या गाडीवरही बांधायला त्यांनाच बोलवायचे.

मी तेव्हा गोंदियाला बी.एस्सी. करत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावी ओलांडली नव्हती. मी कॉलेजात गेलो तो साहेबांमुळे.

साहेब रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कधीतरी या लाइनवर होते, तेव्हा त्यांना आमचे डोंगर आवडले. निवृत्तीनंतर स्टेशनजवळ घर भाड्यानं घेऊन ते एकटेच राहायला आले. पत्नी वारलेल्या, एक मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. ते हिंदीत बोलायचे, आम्ही आमच्या बोलीत. कोणाचं काही अडायचं नाही. बारावीत मला फिजिक्स समजेना, तेव्हा वडिलांनी मला नेऊन त्यांच्या ओसरीवर उभं केलं. तिथून पदवीपर्यंत त्यांनी मला शिकवलं. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी ते माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले, कारण खिडकीतल्या माणसाशी काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं, आणि वडिलांनाही नव्हतं. माझ्या पदवीत त्यांचा मोठा वाटा आहे हे मी विसरलो नाही. विसरलो असतो, तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

त्यांच्या ओसरीच्या आढ्याला एक लांबलचक निळी पिशवी टांगलेली असायची. अठरा फुटांची. आत त्यांचा हँग ग्लायडर. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर कापड ताणून केलेले दोन मोठे पंख. इंजिन नाही, चाकं नाहीत. माणूस पट्ट्यांना लटकतो, डोंगराच्या कडेवरून धावत सुटतो आणि वारा त्याला उचलतो. तरुणपणी कुठेतरी शिकले होते, ते वय झालं तरी सुटलं नव्हतं. गावानं त्याचं नाव 'साहेबाचा पतंग' ठेवलं होतं.

अडचण एकच होती: पतंग डोंगरावर न्यायचा कसा? वजन एका माणसाला उचलता येईल एवढंच, पण दुमडल्यावरही लांबी जीपपेक्षा पाचेक फूट जास्त. वडील म्हणाले, मी कॅरिअर करून देतो. जुन्या लोखंडी पलंगाचे अँगल कापून त्यांनी सालेकसाच्या वेल्डिंगवाल्याकडून टपावर दोन आडव्या पट्ट्या बसवून आणल्या. साहेबांनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि पतंग त्यावर ठेवूच दिला नाही.

"ये बाँस नहीं है, भई," ते म्हणाले. मग मला समजावून सांगितलं. नळी आतून पोकळ आणि पत्रा पातळ. कडक लोखंडावर एकच जागा आपटत राहिली, की ती चेपते. चेपलेली नळी जमिनीवर काही बोलत नाही, वर गेल्यावर बोलते.

मी वहीत आकृती काढली. अठरा फूट लांबी दोन टेकूंवर ठेवली, तर पुढचं टोक मोकळं राहून नाचणार आणि प्रत्येक खड्ड्याचा मार मागच्या टेकूवर येणार. तिसरा टेकू हवा. मग वडिलांनी पुढच्या बंपरवर पाइपाचा एक उभा खांब बसवला, माथ्यावर आडवी फळी, चार बोल्टांचा, लागेल तेव्हा काढता येईल असा. पट्ट्यांवर सायकलच्या ट्यूबमध्ये काथ्या भरून गाद्या केल्या, त्यांवर आईच्या जुन्या गोधडीचे तुकडे गुंडाळले. बांधायला दोर नाही, खाटेची रुंद सुती निवार. आणि साहेबांचा नियम असा, की निवारीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

हा नियम वडिलांना कधी पटला नाही.

"साहेब, हे तं गाईले हार घातल्यावानी झालं. घाटात पडन ना."

"नहीं गिरेगा."

"पडला तं मले नोको सांगजा मंग."

"तेरे को ही बोलूँगा. और किसको बोलूँगा?"

पहिल्यांदा निघालो, तेव्हा नाल्याजवळच्या चहाच्या टपरीवरून एक म्हातारा ओरडला, "काऊन गा, कोनाचं मयत घेऊन चालले बाप्पा?" खरंच तसं दिसत होतं. टपावर गुंडाळून बांधलेलं लांब काहीतरी, आणि खाली आम्ही तिघं गप्प बसलेलो. वडील गाडी न थांबवता म्हणाले, "तुहा नंबर लावून येतो म्हनलं." अर्थ सांगितल्यावर साहेब घाटभर हसत होते. मीही हसलो होतो.

वर पोचल्यावर पतंग जोडण्याआधी साहेब एक काम न चुकता करायचे. पिशवी उघडायचे आणि पंखांच्या पुढच्या दोन्ही नळ्यांवरून, पतंगाच्या नाकापासून पंखाच्या टोकापर्यंत, डोळे मिटून हात फिरवायचे. एकदा मी विचारलं, डोळे का मिटता? म्हणाले, डोळ्याला चांगलंच पाहायची सवय असते. हात कुठे अडला नाही, तर उडायचं. अडला, तर घरी. दोन उन्हाळे आम्ही असे गेलो आणि त्यांचा हात एकदाही अडला नाही. वडिलांनी केलेलं ते कॅरिअर खरंच चांगलं होतं.

माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, ते लग्नसराईचे दिवस होते. मी पास झालो. एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाच्या जागेवर माझं नाव लागलं होतं. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला तेवढा यायचा होता. आमच्या जंगलपट्टीत तो दाखला मागितला की लगेच मिळत नाही. कुठे जातो, कोणाकडे बसतो, सगळं विचारून घेतात.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. ते सकाळीच वनरक्षकाच्या मोटारसायकलवर वर गेले होते. वारा छान आहे, पतंग घेऊन ये. वडील तापानं पडलेले. गाडी मलाच न्यायची होती. पाहतो तर पुढचा खांब जागेवर नाही. दोन दिवसांपूर्वी मांडवाचे बांबू नेताना वडिलांनी तो काढला होता आणि तो मांडववाल्याकडेच राहिला होता. मी खाटेजवळ गेलो.

"बाबा, पुढचा खांब नाही. काय करू?"

"दोनावर ने. एवढासा तं घाट."

"पुढं नाचन ना."

"मंग मांगून आवळ. कायले भेतस? ग्रॅजुएट झालास ना बे."

साहेबांच्या ओसरीवरून पतंग काढला, टपावर ठेवला, निवार लावली. पुढचं टोक हातानं दाबून पाहिलं. हातभर खाली-वर होत होतं. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग निवार सोडली आणि सीटखालून बांबूचा दोर काढला. मागच्या पट्टीवर दोनदा फिरवला, दांडकं घातलं, पीळ दिला. मी शिकलेलं सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. टेकूवर किती दाब येईल ते मी कागदावर मांडून दाखवू शकलो असतो. पण हातांना लहानपणापासून एकच गोष्ट माहीत होती: हलतं आहे तर आवळ. टोक हलायचं थांबलं. मला बरं वाटलं. वडिलांसारखं बांधलं, असं वाटलं.

वर जाऊन दोर सोडला, तेव्हा पिशवीवर दोराची खोल खूण पडली होती. मी तिथे अंगठा दाबला. कापडाखाली काहीतरी सपाट लागलं. ती नळी होती की आतल्या कापडाची घडी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही ठाऊक नाही. मी पुन्हा दाबून पाहायला हवं होतं. तेवढ्यात साहेब आले. खूश होते. माझा निकाल त्यांना आदल्या दिवशीच कळला होता.

"बराबर बाँधा था ना?"

"हो, साहेब."

त्यांनी पिशवी उघडली. पतंगाच्या नाकाजवळ हात ठेवला, आणि मग उचलला.

"आज रहने दो," ते म्हणाले. "ग्रॅज्युएट ने बाँधा है."

त्यांनी माझा मान राखला होता. मी पंखाचं टोक धरून पतंग उघडायला लागलो.

पतंग चांगला उचलला गेला. दोन फेऱ्या त्यांनी दरीवर नीट घेतल्या. तिसऱ्या वळणाला डावा पंख खाली गेला आणि परत वर आला नाही. पतंग वळत वळत डोंगराच्या बाजूला आला आणि झाडांत शिरला. आवाज फार मोठा नव्हता. वाळक्या पानांत कोणी घाईनं चालत जावं, तसा. मी आणि वनरक्षक खाली धावलो. साहेबांना श्वास होता. जीपमध्ये घालून गोंदियाला नेलं. दिवस मावळायच्या आत ते गेले. शुद्धीवर आले नाहीत, काही बोलले नाहीत. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य माझ्या पदवीबद्दल होतं.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. मोडका पतंग झाडांतून काढून आमच्याच जीपवर, त्याच कॅरिअरवर टाकला होता. नळ्या पाच-सहा जागी तुटल्या होत्या. कोणती आधी तुटली, हे सांगू शकेल असा माणूस आमच्याकडे कुठून येणार? पोलीस ठाण्याचे जमादार कागदावर लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मान न उचलता विचारलं, "वर नेताना बांधलं कोनं?"

मी तोंड उघडलं. माझा दाखला याच जमादारांच्या सहीनं जायचा होता, हे मला त्या क्षणी आठवलं, हे मी कबूल करतो. फार वेळ नाही, एक श्वास. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी बांधलो."

वडील अंगावर घोंगडी घेऊन उभे होते. ताप उतरला नव्हता.

"तू तं घरी होतास म्हनते ना?"

"बांधून देलो आन् मंग झोपलो. पोरानं फक्त गाडी नेली."

जमादारांनी ते लिहून घेतलं. पुढे काही झालं नाही. वाऱ्यानं अपघात झाला, असंच ठरलं. महिन्याभरात माझा दाखला आला. मी नोकरीला लागलो, नोकरी करता करता बी.एड. केलं, मास्तर झालो.

वडिलांना मात्र त्यानंतर कोणी बांबू बांधायला बोलावलं नाही. भांडण नाही, बोलणी नाही. बोलावणं तेवढं थांबलं. बाजारात एकदा कोणीतरी हसत म्हणालं, "हळू आवळजो गा, साहेबावानी नोको करजो." वडीलही हसले. मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभा होतो.

कॅरिअर त्यांनी काढलं नाही. खांब मांडववाल्याकडून परत आणून तोही बसवला. त्याची वरची फळी पुढे गळून पडली आणि पाइपाचं तोंड उघडं राहिलं. गाडीनं वेग घेतला, की त्यातून वारा शिरतो आणि बारीक शीळ वाजते. घाटात उतारावर ती चढत जाते. मी एकदा त्यात चिंधी कोंबली. पुढच्या खेपेला चिंधी नव्हती. उडून गेली असेल. मी वडिलांना विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही. सुटीत गावी गेलो की मी शक्यतो स्टेशनवरून पायी घरी जातो.

साहेबांची मुलगी तेव्हा आली होती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "पापा तुम्हारे रिज़ल्ट से बहुत खुश थे. फोन पे वही बता रहे थे." तेव्हापासून दर दिवाळीला तिचा मेसेज येतो. मी 'आपको भी, दीदी' लिहितो आणि फोन उलटा ठेवतो. नऊ दिवाळ्या असं झालं.

गेल्या दिवाळीत मी घरी होतो. दुपारी वडील अंगणात खाटेची निवार ताणत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "बाबा, साहेबाबद्दल मी लिहून राहिलो. खरं लिहीन. मी बांधलो, असं."

ते निवार ताणतच राहिले. "मी तुह्यासाठी खोटं बोललो, असं समजतस का?"

"हाव."

"तसं नाही. खांब मी काढलो. दोनावर ने, मी म्हनलो. मांगून आवळ, मीच म्हनलो. मंग बांधलो कोन? हात तेवढे तुहे व्हते."

"आन् दाखला?"

"दाखला बी व्हताच ना. ते बी खरं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्यांनी माझं ओझं उचललं. ओझं आपलंच आहे असं समजून ते वाहत होते, हे मला तेव्हा कळलं. क्षणभर मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची मला भीती वाटली. कारण एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

"बाबा, वर गेल्यावर मी अंगठा दाबून पाहिलो. चपटं लागलं. साहेबानं पुसलं, बराबर बांधलास ना? मी हो म्हनलो. त्यायनं मंग हात फिरवला नाही."

त्यांचे हात थांबले. आई आतून काहीतरी विचारत होती.

"हे तू पहिले काऊन नाही सांगतलास?"

"आज सांगून राहिलो."

"मले कायले सांगतस? तिले सांग." मग म्हणाले, "आत्ताच सांग. मी बसतो इथंच."

मी फोन लावला आणि आवाज मोठा करून खाटेवर ठेवला. तिला वाटलं, दिवाळीचा फोन आहे. ती हसत बोलली. मी सांगायला सुरुवात केली. हिंदी माझं बरं आहे, पण त्या दिवशी शब्द सापडत नव्हते. दोर, दांडकं, खांब, अंगठा, सगळं एकापुढे एक ठेवत गेलो. मध्येच वडील फोनवर वाकून मोठ्यानं म्हणाले, "बाई, मी बांधलो व्हतो! याचं नोको आयकू!"

ती म्हणाली, "दोनों में से किसने बाँधा था?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते पुन्हा तेच म्हणतील, याची मला खात्री होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, निवारीचं टोक हातात गुंडाळलं आणि तोंड मिटून घेतलं.

"मैंने," मी म्हणालो. "और पापा ने पूछा, तो मैंने झूठ बोला."

पलीकडे कुठेतरी फटाके वाजत होते. ती म्हणाली, "ठीक है. मैं बाद में फोन करती हूँ."

त्याला आता चार महिने झाले. तिचा फोन आलेला नाही. यावा असं वाटतं आणि आला तर काय ऐकावं लागेल, याचाही विचार येतो. दोन्हीचा मला हक्क नाही. दर रविवारी वडिलांचा फोन येतो. पिकाचं, आईच्या गुडघ्यांचं बोलून झालं, की ते विचारतात, "आला का गा?"

मी नाही म्हणतो. ते "बरं" म्हणतात, आणि आम्ही दोघंही फोन लगेच ठेवत नाही.